सामाईक भिंतीतले गोचीड

आमच्या आणि चुलत्यांच्या गोठ्याची मधली भिंत एकच. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आंब्याचं झाडसुद्धा फांद्या दाखवून वाटलं गेलं, पण ही दगडमातीची भिंत कोणाची ते ठरवायचं राहिलं. तेव्हापासून तिला गिलावा नाही की खिळा नाही. जो हात लावेल तो उद्या मालकी सांगेल, अशी वडिलांना आणि चुलत्यांना सारखीच भीती. ओतूरच्या बाजारात दोघं समोरासमोर आले की एकदम दोघांनाही कांद्याच्या भावात रस वाटायला लागतो.

त्या भिंतीच्या भेगांत गोचीड सुखानं नांदत होते. आम्ही फवारलं की ते चुलत्यांकडं जायचे, चुलत्यांनी फवारलं की परत यायचे. दोन्ही घरांत येणं-जाणं उरलं होतं ते एवढंच.

आमच्याकडं एकच संकरित गाय होती, आणि ती आईची होती. वासरू असताना तिची आई दगावली, तेव्हापासून आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आम्हा भावंडांची नावं घेताना आई हमखास गडबडते, गायीला मात्र कधी चुकीची हाक मारली नाही. यंदा ती पहिल्यांदाच गाभण होती आणि आईचा सगळा जीव त्या पोटावर होता.

पावसाळ्यात गायीच्या कानांत, कासेला, शेपटीखाली गोचीड लगडले. वडिलांनी आधी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडलं. मग टोमॅटोवर मारून उरलेलं औषध तिच्या अंगावर मारलं. गाय टोमॅटो असती तर नक्की सुधारली असती. तिनं चारा सोडला, अंग तापलं, खांद्यापुढं लिंबाएवढी गाठ आली. तेव्हा कुठं जनावरांच्या डॉक्टरांना फोन गेला.

गोचीडताप, डॉक्टर म्हणाले, आणि बोलावायला फार उशीर केलात. इंजेक्शन दिल्यावर त्यांनी बॅटरीचा उजेड भिंतीवर मारला. गायीवर दिसतात ते थोडे, त्यांनी सांगितलं. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, भेगेत शिरून हजारांनी अंडी घालते, आणि पिल्लं खाण्यावाचून कितीतरी दिवस वाट बघत बसतात. भेगा दोन्ही बाजूंनी सिमेंटनं बुजवा आणि दोन्ही गोठे एकाच दिवशी फवारा.

"सायेब, भिंतीचं सोडून काय बी सांगा," वडील म्हणाले.

डॉक्टर भले माणूस, पलीकडं गेले. चुलत्यांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "आज सिमेंट लावू द्यायचं आन् उद्या भिंत आमचीच म्हणत्याल. आमाला लई अनुभव हाये." डॉक्टरांनी चहा संपवला आणि गाडीला किक मारली.

आई वडिलांना म्हणाली, "भिंत त्यांना देऊन टाका, पण आजच्या आज बुजवा."

"तू मधी पडू नको. हक्काचा सवाल हाये."

हक्क शाबूत राहिला. गाय पोटातल्या वासरासकट गेली. आई रडली नाही, नुसती गव्हाणीपाशी बसून राहिली. मला वडिलांचा इतका राग आला की त्यांच्या ताटाशेजारी जेवायला बसवेना. गाय पुरायला जेसीबी आला, तेव्हा चुलते भिंतीपलीकडूनच म्हणाले, "लई वाईट झालं." मग त्यांनी विचारलं, "भिंतीला काय केलं न्हाय ना?"

दुसऱ्या दिवशी आईनं अंगणात सिमेंट कालवलं. पदर खोचून थापी घेतली आणि आमच्या बाजूची एकेक भेग दाबून बुजवली. वडील अडवायला दारातून पुढं आले, पण तिचं तोंड बघून बाजूला सरले. चुलते मोबाइलवर पुराव्यासाठी व्हिडिओ काढत होते. आमची बाजू झाल्यावर आईनं घमेलं उचललं, वळसा घालून सरळ चुलत्यांच्या गोठ्यात शिरली आणि तिकडून भेगा बुजवायला लागली. चुलत्यांचा मोबाइल खाली आला.

वडील मागोमाग धावले. इतक्या वर्षांत त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर ते पहिल्यांदाच उभे होते. "आता तिकडं कशाला? आपली गाय तर गेली."

आईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"जाऊबाईंची हाये की अजून."