हौद्यातलं पान

मंगळवारी सकाळी दहिसर टोलनाका ओलांडला तेव्हा आमच्या पिकअपवर लाल लोकरीचे दोरे चिकटवलेले होते... टपावर, दारांवर, मागच्या उघड्या हौद्याच्या तळावर, सगळीकडे. प्रत्येक दोरा मी दोनदा ओढून बघितला होता. तरी वाटत होतं, एखादा सुटणार.

लोकर आईच्या तोरणातून उरलेली. बोरिवलीत आमच्या बिल्डिंगखालून निघताना शेजारचे काका ओरडलेच, "काय रे, गाडीचं लग्न ठरलं काय?" मी नुसता हसलो.

रविवारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. मनोरकडच्या नर्सऱ्यांमधून झाडांच्या कुंड्या आणायच्या आणि मढला शूटिंगच्या बंगल्यांना भाड्याने द्यायच्या, हा आमचा धंदा. गाडी बाबांची, चालवतो मी. वर्षभरात तिचं ॲव्हरेज पडत गेलं, दोन मेकॅनिकना काही सापडलं नाही... शेवटी बाबा म्हणाले, "आता ही नुसता डिझेल पिता. काढून टाकूया." गाडी गेल्यावर मी काय करायचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मी बारावी अर्धवट सोडली, फिजिक्स तिथेच राहिलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. उंच झाडांसाठी टपावर मोठा कॅरिअर बसवला, त्याच सुमारास ॲव्हरेज पडायला लागलं होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कॅरिअर काय डिझेल पिता?"

तरी मी तो काढला. पुढच्या बंपरखाली जुन्या प्लॅस्टिकच्या शीटची एक पट्टी लावली, म्हणजे गाडीच्या पोटाखाली हवा कमी शिरेल. आणि हौद्याचा मागचा फाळका, म्हणजे खाली पडणारं दार... तो बंद करायचा होता. गाडी रिकामी असली की बाबा फाळका खाली सोडूनच चालवायला लावतात. आमच्याकडे सगळेच तसं करतात. हवा आत शिरते तर तिला बाहेर पडायला वाट हवी ना?

मी एका व्हिडिओत पाहिलं होतं, खरं याच्या उलट आहे म्हणे, फाळका बंद असला की गाडीला हवा कमी अडवते. म्हणून हे दोरे. हवा कुठून कुठे जाते ते दोरे दाखवतील...

"हवा काय डोळ्यांक दिसता?" बाबा शेजारी बसून कुरकुरत होते. पण आले होते. मी गाडी चालवणार म्हटल्यावर मागे बघायला कोणीतरी हवंच होतं, आणि स्टिअरिंगवर असताना मी आरशातसुद्धा जास्त वेळ बघत नाही.

आधी फाळका उघडा ठेवून गेलो. बाबांनी मागच्या काचेतून बघितलं आणि म्हणाले, "नाचतत सगळे. झाला?" मग एका ढाब्याशी गाडी थांबवून मी फाळका लावला, साखळ्या अडकवल्या, पुन्हा हलवून बघितल्या. हायवेला लागलो. गाडीने वेग घेतला.

बाबा मागे वळले... आणि काचेला नाक लावून बघतच राहिले. बराच वेळ. मला वाटलं, वाट लागली, काहीतरी पडलं.

"बाबा, काय झालं?"

"गप. रस्त्याकडे बघ." मग थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "एक पान आसा."

"मग?"

"बाहेर जायना."

मला काही कळेना. तेवढ्यात ते म्हणाले, "झिला, गाडी बाजूक घे. मी चालवतंय. तू बघ."

गुडघ्यांमुळे बाबांनी स्टिअरिंग सोडलं त्याला बरेच महिने झाले होते. मी नको म्हणायच्या आत ते उतरून माझ्या दाराशी आले होते.

मग मी बघितलं.

आदल्या खेपेचं बदामाचं एक वाळकं पान झाडूतून सुटून हौद्याच्या कोपऱ्यात अडकून राहिलं होतं. ते तळावरून सरपटत आमच्याकडे आलं... म्हणजे गाडी पुढे पळतेय आणि पानही पुढेच येतंय! काचेपाशी आलं तसं उभं वर चढलं, वरच्या वर मागे गेलं, फाळक्यापाशी खाली उतरलं. आणि पुन्हा आमच्याकडे यायला निघालं. तळावरचे सगळे दोरे आमच्याकडे तोंड करून पडले होते.

हौद्यात हवेचं एक चाक फिरत होतं. बाहेरचा वारा त्या चाकावरून सरळ मागे घसरत होता, आत पडतच नव्हता. फाळका उघडा ठेवून ते चाक आम्हीच रोज मोडत होतो.

व्हिडिओत बघणं वेगळं... हे आमच्या गाडीत होतं, कुंड्यांच्या मातीचे डाग पडलेल्या हौद्यात.

टोलला गाडी थांबली तेव्हा पान तळाशी निजलं. निघालो तसं पुन्हा उठलं. बाबा रस्त्यावरची नजर न हलवता विचारत होते, "आसा? अजून आसा?" आणि मी सांगत होतो, "आहे बाबा, आहे."

चमत्कार वगैरे झाला नाही. टाकी काठोकाठ भरून दोन-तीन वेळा मोजलं. मालाडच्या ट्रॅफिकमध्ये काही फरक नाही, हायवेला मात्र ॲव्हरेज चांगलंच सुधारलंय. रविवारची वाट न बघता बाबांनीच त्या गिऱ्हाइकाला फोन केला. "गाडी सध्या विकूची नाय," एवढंच बोलले आणि ठेवला.

काल कुंड्या उतरवल्यावर बाबांनी नेहमीसारखा हौदा झाडला. त्यांना मातीचा कणसुद्धा चालत नाही. पण कोपऱ्यात एक पान होतं, त्याच्या बाजूने झाडू फिरला आणि पान तिथेच राहिलं...

दोरे मी चिकटवले होते. पण बघायची जागा मला बाबांनी दिली, दुखऱ्या गुडघ्यांनी क्लच दाबत. तेवढं मला त्यांना तोंडावर सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.