वाटीतली साय

नेरला माझ्या शिलाईच्या दुकानासमोर एक खाला बांगड्या भरायची. साठी उलटली होती, पण तोंडावर रोज साय-हळद चोळल्याशिवाय तिचा दिवस जायचा नाही. वाटी गल्ल्याशेजारीच असायची. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत गिऱ्हाईक कमी, त्यामुळे चोळणं जास्त.

"खाला, सुरकुत्या जातात का हो यानं?" मी चिडवायची.

"जात नाई बाई. पन त्यायले समजते, कोनीतरी लक्ष ठेवून राह्यलं."

संक्रांतीच्या तोंडावर कापूस वेचणारी एक बाई आली, तेव्हा खाला चेहऱ्याला साय लावायला बसतच होती. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं ओरखडून फाटली होती. एक हात तिनं पुढे केला, दुसरा पदराखाली लपवला. बांगडी चढेना. बांगडी सरकावी म्हणून साबण लावायची पद्धत. पण तो झोंबला असता. खालानं साबण बाजूला ठेवला आणि वाटीतली सगळी साय त्या हातावर ओतून सावकाश चोळू लागली.

"अन् तुमच्या तोंडाले?" बाई संकोचून म्हणाली.

"माह्या सुरकुत्या कुठी पळून चालल्या? उद्या पाहीन त्यायले."

बाई हसली. मग तिनं पदराखालचा हातही पुढे केला.