कॉफीच्या कपावर यांचं नाव

मैत्रिणींनो, आज सीवूड्सच्या मॉलमध्ये एकटीच कॉफी प्यायला गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आंटी, कपावर नाव काय लिहू?"

माझ्या तोंडून निघालं, "दत्ताराम."

माझ्या मिस्टरांचं नाव. उखाणा सोडला तर मी ते कधी घेतलं नाही. हे गेल्यापासून घरातही कोणी घेत नाही. मुलांचे ते बाबाच.

थोड्या वेळाने तिने हाक मारली, "दत्ताराम! कॉफी रेडी!"

मी उठलेच नाही. तिने पुन्हा हाक दिली. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी हसत म्हणालं, "अहो दत्ताराम, उठा की, कॉफी थंड होतेय!"

तरी मी बसूनच राहिले. कप घेतला असता, तर हाका थांबल्या असत्या.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाला अजून कोणी नावाने हाक मारतं का?