टेस्टमध्ये ईरा थोडक्यात बोलली

शॉमबर्गकर मराठी मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी ईरा तिसरीत आहे. इथल्या अमेरिकन शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा' म्हणून मी अभिमानाने मराठी लिहिलं, तेव्हापासून ती 'इंग्लिश शिकणाऱ्या' मुलांच्या यादीत आहे. दरवर्षी टेस्ट होते, पास झाली की यादीतून सुटका.

आज रिझल्ट कळला. वाचन, लेखन, ऐकणं उत्तम, आणि बोलण्यात अडकली! आता अजून वर्षभर आर्टचा तास बुडवून जादा इंग्लिश. अहो, ही मुलगी माझ्याशी भांडते तीसुद्धा इंग्लिशमध्ये!

टीचर म्हणाल्या, "उत्तरं बरोबर आहेत, पण एकेका वाक्याची. सविस्तर बोललं तरच मार्क मिळतात."

गाडीत मी वैतागून विचारलं, "अगं, एवढंसंच का बोललीस?"

"बट आई, यू ऑल्वेज से, थोडक्यात सांग."

खरंय. मी घरून काम करते. ती शाळेतून येते तेव्हा माझा कॉल चालू असतो, आणि म्यूट करून मी रोज हेच म्हणते.

फॉर्म बदलता येतो का, कोणाला माहीत असेल तर सांगा. पण तुमची मुलं शाळेतलं काय काय सांगतात हो? मला ईराच्या प्रत्येक दिवसाचं एकेकच वाक्य माहीत आहे.