पहिला पगार आणि पंचविसाचा आकडा

सात रस्त्याच्या चौकात उभं राहून पत्रकं वाटली की माणसांविषयीचा आदर फार दिवस टिकत नाही.

आमच्या पत्रकाच्या वरच्या अर्ध्या भागात फक्त एक आकडा होता. २५. तो एवढा मोठा मीच टाकायला लावला होता. छापखानावाल्याला म्हटलं, चालत्या गाडीवरून वाचता आला पाहिजे. आला की! पहिल्याच सिग्नलला एका काकांनी स्कूटर कडेला घेतली, पत्रक हातात धरलं आणि विचारलं, "कुठल्या दुकानात?"

"काय कुठल्या दुकानात?"

"पंचवीस टक्के सूट. चादरीवर का टॉवेलवर?"

मी सांगितलं, सूट नाही, दारू प्यायचं कायदेशीर वय आहे. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्यांची सूट काढून घेतली. पत्रक घडी करून त्यांनी सीटखाली सरकवलं आणि निघून गेले. त्या दिवशी अशी गिऱ्हाइकं बरीच मिळाली.

आपल्या राज्यात बियर प्यायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारू प्यायला पंचवीस. वर परवाना लागतो, आणि आपण दारू आरोग्य राखण्यासाठी घेतोय असं त्या परवान्यावर छापलेलं असतं. आपले कायदे रुक्ष असतात म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. पंचविसाचं सरसकट एकवीस करा, एकविसाचं अठरा करा, अशी टूम अधूनमधून निघते. ती निघाली की आम्ही पोरं-पोरी पत्रक काढतो. त्या वेळच्या पत्रकात मी लिहिलं होतं : "आहे तो कायदा एक दिवस पाळून दाखवा, मग कमी करायची भाषा करा." वाक्य चांगलं होतं. मी वस्तीत वाढलेय. आमच्याकडं पोरं चालायला शिकली की पत्रकं वाटायला लागतात. जयंती असो, नळाचं पाणी असो, मोर्चा असो. ओळ आखूड ठेवायची, शिवी छापण्याजोगी द्यायची आणि शेवटी मागणी टाकायची. माझं लेखनाचं शिक्षण एवढंच.

त्याच आठवड्यात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये परिसंवाद होता. विषय हाच. व्यासपीठावर एक प्राध्यापक आणि हमरस्त्यावर परमिट रूम चालवणारे एक मालक. पाण्यात कसं पोहावं यावर मगरीला बोलावल्यासारखं.

प्राध्यापक म्हणाले, "अठराव्या वर्षी तरुण देशाचं सरकार निवडतो. मग त्याच्या हातातला पेला काढून घेणारे आपण कोण?" टाळ्या पडल्या. मग ते युरोपात गेले. तिथं म्हणे जेवणाच्या टेबलावर आईवडील मुलांना वाइन देतात, त्यामुळं मुलं शहाणी होतात. मला आमच्या गल्लीतली जेवणाची टेबलं आठवेनात. मालक मात्र अनुभवाचे बोल बोलले. "पोरं लपून पितात म्हणून बिघडतात. उघड पिऊ द्या, जबाबदारीनं पितील." जबाबदारीनं! बाटली विकणाऱ्याच्या तोंडी हा शब्द आला की समजावं, जबाबदारी आता पिणाऱ्याच्या बायकोवर जाणार आहे.

मी उभी राहिले. विचारलं, "तुमच्या हॉटेलात शेवटचं वय कुणाचं आणि कधी विचारलंत?"

मालक हसले. "मॅडम, तुमचं विचारायला आवडलं असतं. पण बायकांना वय विचारू नये म्हणतात."

सगळा हॉल हसला. प्राध्यापकही हसले, अगदी पोट धरून. मी तेवीस वर्षांची. कायद्यानं बियरला लायक, व्हिस्कीला नालायक आणि त्या हॉलच्या दृष्टीनं विनोदाला फार सोयीची. अध्यक्षांनी चहा जाहीर केला. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे उचलून मी घरी आले.

आता घरचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच घडायची होती. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेते. मामा, म्हणजे तिचा भाऊ, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होता. पहिल्या पगाराला साथीदारांनी त्याला पाजली, तेव्हा तो अठराचा होता. त्यानंतर त्याचा एकही पगार कोरडा घरी आला नाही, आणि चाळिशी गाठायच्या आत तो गेला. आई याबद्दल बोलत नाही. मामाचा विषय निघाला की ती पीठ जरा जोरात मळते.

आणि माझा धाकटा भाऊ, वय एकोणीस, त्याच रोडवरच्या एका टॉवेलच्या शेडमध्ये नुकताच लागला होता.

तिकडची रीत अशी की नव्या पोरानं पहिल्या पगाराला शेडला पार्टी द्यायची आणि पहिला पेला स्वतः घ्यायचा. पेला जॉबरच्या हातून. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि कुणाला कुठला माग द्यायचा हे ठरवणाराही तोच. नाही म्हणणाऱ्याला तो शेडच्या टोकाचे माग देतो, जिथं सूत घटकेघटकेला तुटतं आणि टॉवेलाऐवजी शिव्या विणल्या जातात. आमच्याकडं दारू प्यायचं वय विधानसभेत ठरत नाही, पगाराच्या दिवशी ठरतं. प्राध्यापकांना हे कळवायचं राहिलं.

"मी न्हाय पिनार," भाऊ म्हणाला.

"मग जॉबरला काय सांगशील?" मी विचारलं.

"तेच तर कळंना झालंय. आई न्हाय म्हनती, असं सांगितलं तर जलमभर बाळ म्हनतील."

"कायदा सांग. तू एकोणीस वर्षांचा आहेस."

तो माझ्याकडं बघून एवढा हसला की हॉलमधली मंडळी बरी वाटली. "आक्के, तू शेडमदी ये एकदा. तितं कायदा सांग. माग बंद करून ऐकत्याल लोक."

पगाराच्या आदल्या दिवशी जॉबरचाच निरोप आला. पार्टीला भाकरी आणि चटणी आमच्या आईकडूनच हवी. तिच्या पोराची पार्टी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, ऑर्डर घेऊ नकोस.

"भाकरी माजी, बाटली त्यांची," आई म्हणाली. "भाकरीला काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी बघते तर भाकऱ्या माझ्या पत्रकांत बांधलेल्या. पत्रक एका बाजूनं कोरं होतं. कोरी बाजू आत, आकडा बाहेर.

"अगं, ही वाटायची होती!"

"वाटायलाच घेऊन चाललोय की. हितं कोन वाचतंय? भाकरी तरी बांदली गेली."

दुपारी पहिली पाळी सुटल्यावर आम्ही दोघी पाटी घेऊन शेडमागं गेलो. एका कडुलिंबाच्या सावलीत सातआठ जण बसले होते. अंगावर सुताची धूळ, मधे पिशवीत गुंडाळलेल्या बाटल्या. जॉबर पन्नाशीचा, घरी तेलुगू बोलणारा. भाऊ त्याच्या शेजारी, परीक्षेला बसवल्यासारखा.

बाईमाणसासमोर बाटली उघडायची नाही एवढी लाज त्यांना होती. जॉबर म्हणाला, "अम्मा, झालं की. तुमी निघा आता."

आई खाली बसली. "पाटी रिकामी व्हायची हाय. तुमी जेवा निवांत. मी बसते."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी खाकरलं. आई पदरानं वारा घेत बसली होती, हलायचं चिन्ह नाही. शेवटी जॉबरनं लाज गिळली. बाटली उघडली, स्टीलचा पेला भरला आणि भावापुढं धरला. "घे तम्मी. आज मर्द हो."

तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. सख्ख्या बहिणीसमोर हे नातं लावायला त्याला काही वाटलं नाही. मला बोलायचं होतं. पत्रकातली चारपाच वाक्यं जिभेवर तयार होती. आईनं माझ्या मनगटाला धरलं, आणि चांगलं घट्ट धरलं.

भावानं पेल्याकडं बघितलं. आईकडं बघितलं नाही. मग समोर पडलेली भाकरीची पुडी उचलली आणि जॉबरच्या नाकापुढं धरली.

"उस्ताद, लिवलंय की. पंचवीस."

"काय हाय ते?"

"सरकारचा हुकूम. मला एकोणीस चालू हाय. सा वर्सं थांबा की राव, मी कुटं पळून चाललोय?"

मग पलीकडं बसलेला एक म्हातारा विणकर एवढ्या मोठ्यानं हसला की त्याला ठसका लागला. "उस्ताद, सरकारी आदमी निकला ये! जाने देव. छे साल के बाद डब्बल पिलाता बोलरा."

"हितं सरकार मी हाय," जॉबर म्हणाला. पण आता सगळेच हसत होते, एकेक जण आपल्या पुढ्यातली पुडी उचलून आकडा दाखवत होता. "माझ्या भाकरीवर बी पंचवीस!" "माझ्या बी!" एकजण म्हणाला, "उस्ताद, तुमचं तरी झालं का पंचवीस?" जॉबरला हसावं की मारावं कळेना. त्यानं भावाकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं की पंचविसाव्या वर्षी पार्टी दुप्पट होईल, आणि भावाचा पेला स्वतःच एका घोटात संपवला. आई उठली. म्हणाली, "पाटी नंतर पाटवा."

ही कायद्याची थोरवी गातेय असं कुणी समजू नये. तो कायदा त्या शेडमध्ये कुणी पाळत नाही, पोलीस तिकडं फिरकत नाहीत, दुकानदार वय विचारत नाही. पण भावाला त्या दुपारी पोलीस नकोच होता. लोकांनी हसून सोडून द्यावं असं एक निमित्त हवं होतं. प्राध्यापकांचा मतदार एकटा पडद्याआड जातो. पहिला पेला घेणाऱ्याच्या भोवती सातआठ जण बसलेले असतात आणि त्यातल्या एकाच्या हातात त्याची रोजीरोटी असते. हा फरक कळायला प्राध्यापक व्हावं लागत नाही, पण प्राध्यापक झाल्यावर तो कळेनासा होतो असं दिसतं.

दुसऱ्या दिवशी जॉबरनं भावाला टोकाचे माग दिले. अजून तेच आहेत. संध्याकाळी बोटं कापलेली घेऊन येतो. शेडमध्ये त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. "ए पंचवीस, तार तुटली बघ." "पंचवीस, च्या सांग."

परवा पुन्हा टूम निघाली की वय एकवीस होणार. हॉल पुन्हा बुक झाला असेल, मगर पुन्हा पोहण्यावर बोलणार असेल. जॉबर आज सकाळी स्वतः आमच्या दारात आला होता, गावी न्यायला भाकरी हवी म्हणून. पैसे आईच्या हातात दिले आणि मला म्हणाला, "अक्का, वय कमी होतंय म्हनं? एकवीस?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"आपल्या पंचवीसला औंदा वीस लागलं की." तो बोटावर मोजत हसला. "लई दिवस थांबलोय बघा."

भाऊ आत जेवत होता. त्याचं चावणं थांबल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

"नाही झालं," मी म्हटलं. "पंचवीसच आहे."

जॉबर भाकरी घेऊन गेला. मी जुना गठ्ठा उघडला, दोनचार पत्रकंच उरली होती. छापखान्यात जाऊन नव्यानं टाकायला सांगितली. छापखानावाला म्हणाला, "ताई, आकडा या वेळी जरा बारीक करू का? लोक सूट समजतात."

म्हटलं, होता त्याहून मोठा कर. पुडीवर दिसला पाहिजे.