अर्ध्या टाकीचा रस्ता

नांदेडहून निघताना गाडीत कसलाच वास येत नव्हता. हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी सगळं त्या वासावरच अवलंबून होतं.

गाडी बाबांची. गोल दिव्यांची, फिक्या हिरव्या रंगाची, म्हणून घरात तिचं नाव ‘दुधी’. बाबा गेल्यावर आई लातूरला मामाच्या शेजारी राहायला गेली. मी नोकरीसाठी नांदेडला राहिले आणि दुधी अंगणात पत्र्याखाली. दिवाळीत आई आली तेव्हा मी हौसेनं टाकी भरून तिला फिरवायला काढलं. कोपऱ्यावरच तिनं गाडी थांबवायला लावली. पेट्रोलच्या वासानं तिला मळमळत होतं.

“वास घालवून लातूरला घेऊन ये,” ती म्हणाली. “मला बसता आलं तर ठेवू. नाहीतर मामाच्या ओळखीचा एक माणूस सुट्या भागांसाठी मागतोय, त्याला देऊन टाकू.”

नांदेडच्या मिस्त्रीनं बॉनेटखालचे सगळे रबरी पाइप बदलले. त्यानंतर मी रोज काचा बंद ठेवून ऑफिसला जात होते. टाकी तळाला आली तरी वास नाही. मग एका शनिवारी सकाळी पंपावर ‘फुल्ल’ म्हणाले आणि गोदावरीचा पूल ओलांडला.

लोह्याच्या अलीकडे एक मोठं वळण आलं आणि वास मागच्या सीटवरून पुढे आला. मी वळून पाहिलं, जणू मागे कोणी येऊन बसलं होतं.

लोह्यात नाश्त्याला थांबले. गरम सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे), वर शेंगदाण्याचं कूट. मला अनोळखी लोकांशी बोलणं जमत नाही, त्यामुळे मी भिंतीकडे तोंड करून खात होते. पण दुधीभोवती माणसं जमली होतीच.

“ए, बिडी इझव आधी! गाडीसंगं आमाला बी पेटवतू का?” हॉटेलवाले कोणावर तरी ओरडले. मग माझ्याकडे वळले. “ताई, लई वास हाय. अहमदपुरात लतीफचाचाकडं दाखवा. जुन्या गाड्या तेच करून राहिले अजून.”

मी मान हलवली. परत फिरावं असं मनात येऊन गेलं. पण परत फिरणं म्हणजे गाडी त्या सुट्या भागांच्या माणसाला देणंच होतं.

माळाकोळीनंतर रस्ता चढू लागतो. सोयाबीन निघून गेलेल्या काळ्या रानात तुरीचे पट्टे तेवढे उभे होते. काचा खाली करून, थंडी खात चालवत होते. लहानपणी याच रस्त्यावर मी मागे डाव्या कोपऱ्यात बसून अहमदपूरची वाट बघायचे. आम्ही तिथे थांबलो नाही असं कधी झालं नाही. बाबा मला उतरवायचे, पेरू घ्यायचे, पेरूवाली त्याच्या चार फाका करून तिखटमीठ भरायची. तो थांबा माझ्यासाठीच असतो, याची मला खात्री होती.

लतीफचाचांचं गॅरेज म्हणजे घरासमोर कडुनिंबाखालची जागा. दाढी पांढरी, बनियन काळं. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकले आणि हताशपणे हात झटकले.

“बेटा, खरं सांगू? माझं नाक कवाच मेलं. जिंदगीभर नळीनं पेट्रोल ओढलं ना तोंडानं.” मग घराकडे तोंड करून हाक मारली, “अजी, जरा नाक लेके आओ!”

चाची पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. “नाक भी इनकू मेरीच होना,” त्या मला म्हणाल्या, “कान भी मेरेच वापरते. खुदका क्या है पूछो!”

त्या गाडीभोवती हळूहळू फिरल्या, पुढे थांबल्या, नाही म्हणाल्या, मागे डिकीशी येऊन पदर नाकाला लावला. चाचांनी डिकीतलं गोणपाट काढलं. टाकी तिथेच, गोणपाटाच्या मागे. वरवर सगळं कोरडं. तेव्हा चाचीच घरातून पावडरचा डबा घेऊन आल्या.

“माझ्या बायकोची पावडर माझ्या तोंडापेक्षा गाड्यांना जास्त लागली,” चाचा म्हणाले.

“तुमारे तोंडकू लगाके क्या फायदा?”

मी हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

टाकीच्या प्रत्येक जोडावर त्यांनी पावडर भुरभुरली आणि आम्ही तिघांनी मिळून गाडी हलवली. जिथून पेट्रोल ओततात तिथला वाकडा रबरी पाइप वरच्या बाजूला ओला झाला. पांढऱ्यावर पिवळसर रेघ उमटली.

“टाकी कवा भरली?”

“आज सकाळी. फुल्ल.”

“त्याच्या आधी?”

“दिवाळीत. आणि त्याआधी…” मी आठवून पाहिलं. “बाबा कधी भरायचेच नाहीत. नेहमी अर्धीच.”

चाचा पुसता पुसता थांबले. “मग त्यांना म्हाईत होतं. भेग वरच्या अंगाला हाय. अर्ध्या टाकीला पेट्रोल तिथवर चढतच न्हाई.” त्यांनी जरा विचार केला. “पण अर्ध्यात लातूरला जाऊन-येऊन भागत न्हाई. इथंच थांबत आसतील पेट्रोलला.”

चाचा सहज बोलून गेले. मी मात्र कडुनिंबाखाली उभी राहून माझे पेरू मनातल्या मनात परत करत होते.

तसा वाकडा पाइप आता मिळत नाही. चाचांनी ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीचा पाइप कापून बसवला, क्लिपा आवळल्या, झाकणाचा वॉशर बदलला. परत पावडर, परत हलवणं. पांढरं पांढरंच राहिलं. चाचींनी डिकीत डोकं घालून श्वास घेतला आणि मान डोलावली. गोणपाट मात्र नेऊ दिलं नाही. “वास उसमेंच बैठके रहता, पोरी.”

लातूरला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मामा दारातच होता. आईनं चहासुद्धा विचारला नाही. मागे डाव्या बाजूला बसली, चारी काचा वर करायला लावल्या आणि म्हणाली, “चल.” मामा माझ्या शेजारी बसला. मी मुद्दाम वळणं जास्त असलेल्या गल्ल्यांमधून गाडी नेली. आरशात आईचा पदर नाकावर दिसत होता. मग हनुवटीवर. मग मांडीवर.

“रेक्झिनचा वास येतोय,” ती म्हणाली. “पहिल्यासारखा.”

मी पाइपचं सांगितलं. मामा हसला. “म्हणजे दाजी म्हणून अर्धीच भरायचे? आम्ही त्यांना ‘अर्धी टाकी’ म्हणायचो. चिकट समजायचो.”

“ऐकून घ्यायचे,” आई म्हणाली. “लहानपणी हिला त्या वासानं उलट्या व्हायच्या. कसल्याशा पाइपसाठी हैदराबादपर्यंत जाऊन आले, नाही मिळाला; तो हाच, हे मला आज कळतंय. मग म्हणाले, अर्धीच भरू, अहमदपूरला थांबू. तेवढंच तिला मोकळ्या हवेत उतरवता येईल, पेरू खाईल.”

मी गिअर बदलला. गरज नव्हती.

“मग त्या माणसाला काय सांगू?” मामानं विचारलं.

“दुसरीकडे बघ म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर नांदेडला निघाली. पंपावरच्या मुलानं विचारलं, “फुल्ल?” आम्ही दोघी एकदमच हो म्हणालो. चाकूर मागे पडलं. तुरीवर ऊन होतं, काचा बंद होत्या, आणि आई मागच्या सीटवरून मला बाबांसारख्याच सूचना देत होती. वास गेला हे दाखवायला निघालेल्या मला त्या रस्त्यावर बाबांचं इतकं काही मिळेल, असं वाटलं नव्हतं.

अहमदपूर जवळ आलं तशी आई पुढे वाकली.

“पेट्रोल पुरेल ना?”

“नांदेडपर्यंत आरामात.”

तरीही मी डावीकडचा इंडिकेटर दिला. टाकी भरलेली असताना अहमदपूरला थांबायची ती आम्हा दोघींची पहिलीच वेळ होती.