निवळलेलं डिझेल

आमच्या नगरपरिषदेचं एक छोटं वीजघर आहे. नारळीच्या बागेआड पत्र्याची शेड आणि आत डिझेलवर चालणारं एक जुनं इंजिन. मुरुडची वीज गेली की त्यावर पाण्याचा पंप आणि दवाखाना चालतो. एरवी ते गप्प असतं, म्हणून गावात त्याला ‘घरजावई’ म्हणतात. मी नगरपरिषदेतला कारकून. हसणाऱ्यांत मीही होतो.

ते सांभाळायचे चाचा. उमेदीची वर्षं त्यांनी मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेली. त्यांचा एक नेम होता. आलेलं डिझेल सरळ टाकीत ओतायचं नाही. कॅन तासभर सावलीत ठेवायचा, पाणी तळाला बसलं की वरचं निवळ तेवढं फडक्यातून गाळून घ्यायचं. मी याला चाचांचं सोवळं म्हणायचो.

मग वादळ झालं. खांब आडवे झाले, रस्ते झाडांनी बंद पडले, डिझेलची गाडी येईना. माझे वडील दवाखान्यात ऑक्सिजनच्या मशीनवर होते आणि ते मशीन या घरजावयाच्या जिवावर. चौथ्या दिवशी दुपारी कोळ्यांनी न मागता आपल्या होड्यांतलं डिझेल आणून दिलं. चाचांनी कॅन रांगेत मांडले आणि शेजारी बसून राहिले. टाकीचा काटा खाली चाललेला, माझा जीव टांगणीला. मी आवाज चढवला.

“होडीतलं डिझेल हाय, पानी असनारच,” ते म्हणाले. “टाकीत दोन तासांचं हाय अजून. बसू दे.”

ते नमाजाला उठले आणि मी एक कॅन तसाच टाकीत रिकामा केला.

थोड्याच वेळात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दवाखान्यात एकच छोटा सिलिंडर होता, जेमतेम अर्ध्या तासाचा. चाचा धावत आले. त्यांनी रिकाम्या कॅनकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी सोडलं, फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली. घाई कशालाच नव्हती आणि एकही हालचाल वाया गेली नाही. वीस मिनिटांत इंजिन सुरू झालं. कामाचे इतके सुंदर हात मी दुसरे पाहिलेले नाहीत.

संध्याकाळी नोंदवही माझ्याकडे सहीला आली. त्यात चाचांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘डिझेलमध्ये पाणी. चूक इंजिनचालकाची.’ हे खोटं आहे, असं मी त्यांना म्हटलं.

“टाकीला कुलूप न लावता मी उठलो,” चाचा म्हणाले. “सही कर.”

मी सही केली.

वडील बरे होऊन घरी आले. तोवर नोंदवहीतली ती चूक गावात ‘चाचांची डुलकी’ होऊन पसरली होती. चाचा आता निवृत्त झालेत. बाजारात भेटले की वडील त्यांच्या पाठीवर थाप मारतात आणि सगळ्यांदेखत म्हणतात, या म्हाताऱ्याला डुलकी लागली आणि मी वर जाता जाता राहिलो. चाचा मान डोलावून हसतात. मी शेजारी पिशवी धरून उभा असतो.